बोखा खलाशी

सिरिल एरेंडसे यांना फासावर लटकवलं तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. घरी शेगडी चालू तर राहिली नाही?

फाशी खोटी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर वाचणारा आत्ताच हळहळून मोकळा होईल, आणि ती हळहळ पुढे लागणार आहे. केप टाउनच्या बाहेर, मोठ्या रस्त्याला लागून, चाच्यांच्या एका मालिकेसाठी वाळूत अख्खं बंदर उभारलं होतं. जहाजं होती, दारूचे गुत्ते होते, वधस्तंभ होता. फक्त समुद्र नव्हता. तो मागाहून संगणकातून आणणार होते. खरा समुद्र तिथून जवळच आहे, पण तो सांगितल्या वेळी सांगितल्या रंगाचा होत नाही, अशी त्याच्याबद्दल तक्रार होती.

सिरिल म्हणजे ग्रासी पार्क नावाच्या वस्तीत राहणारे, नगरपालिकेच्या घरपट्टी खात्यातून निवृत्त झालेले, रविवारी चर्चमध्ये दानाची थाळी फिरवणारे गृहस्थ. अंगावर चिंध्या, गालांना काजळी, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला मागून लोखंडी आकडा, अशा थाटात ते इतर चाच्यांबरोबर रांगेत उभे होते. गळ्यातला दोर नुसता शोभेचा, सगळं वजन त्या आकड्यावर. खालून साहाय्यक दिग्दर्शक ओरडला, “अंकल, फळी सरकली की काहीतरी ओरडा! काहीही चालेल. वर ढोल वाजणार आहेत, कुणाला ऐकू येणार नाही.”

आता ज्याचं आयुष्य घरपट्टीच्या खिडकीमागे गेलं, त्याला ओरडून घ्यायची सवय असते, ओरडायची नसते. सिरिल विचारात पडले. ‘देवा’ म्हणावं, तर खोट्या कामासाठी देवाला खोळंबवून ठेवल्यासारखं होईल. ‘आई गं’ म्हणावं, तर ह्या वयाला ते शोभत नाही. तेवढ्यात फळी सरकली आणि पोटातून जे निघालं ते निघालं.

“ऑड्री! शेगडी बंद कर!”

दिग्दर्शक खूश झाला. म्हाताऱ्याच्या तोंडावरची भीती अस्सल आहे, म्हणाला. बाकीच्यांना पुन्हा लटकवलं, सिरिलना मात्र एकदाच. ह्याचा त्यांना अभिमान वाटला आणि थोडं वाईटही वाटलं, कारण दुसऱ्यांदा त्यांनी काहीतरी बरं ओरडलं असतं. तशाच काजळी लागल्या तोंडानं ते घाईघाईनं घरी आले, तर शेगडी बंद होती आणि शेजारच्या मिसेस सप्टेंबर तिच्यासमोर खुर्ची टाकून, नजर न हलवता, विणत बसल्या होत्या.

ऑड्री म्हणजे सिरिलची बायको. तिला विसरायला होऊ लागलं होतं. डॉक्टरांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण गल्लीत आम्ही सगळे त्याला ‘शेगडी’च म्हणत असू. कारण सुरुवात तिथून झाली. विजेची शेगडी लालबुंद होऊन बसायची, वर भांडंच नसायचं, आणि ऑड्री अंगणात कपडे वाळत घालत गाणं म्हणत असायची. सिरिल दिवसभर तिच्या मागे खटके बंद करत फिरायचे आणि बाहेर जाताना फाटकापासून ओरडायचे, “ऑड्री, शेगडी बंद कर!” खरं म्हणजे हे वाक्य ते लग्न झाल्यापासूनच ओरडत आले होते. पूर्वी त्याला अर्थ नव्हता, आता आला होता.

असला माणूस चाच्यांत गेला कसा, तर दातांमुळे. म्हणजे नसलेल्या दातांमुळे. मिसरूड फुटायच्या वयात सिरिलनी वरचे पुढचे चार दात काढून घेतले होते. चांगले, ठणठणीत, कुठे कीड नाही असे दात. का काढले म्हणून विचारू नका. आमच्याकडे तेव्हा ज्याच्या तोंडात ते चार दात शाबूत असत, तो मुलगा अजून आईच्या पदराआड आहे असं समजत. नाचाच्या हॉलमध्ये सिरिल हसले, त्या फटीतून त्यांनी एक लांब शीळ घातली, आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या ऑड्रीचा सगळा आयुष्यक्रम ठरून गेला. पुढे नगरपालिकेत नोकरी लागायची वेळ आली तेव्हा त्याच ऑड्रीनं त्यांना दंडाला धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला तसलं हसू चालत नाही, म्हणाली. कवळी बसली. तेव्हापासून सिरिलचं दात नसलेलं तोंड फक्त न्हाणीघरातल्या आरशानं पाहिलं होतं. त्यांची मुलगी शारलीन शाळेची उपमुख्याध्यापिका झाली, तिनंसुद्धा नाही. दुसऱ्या घरांत तुरुंगात गेलेल्या काकाबद्दल जितकं बोलतात, तितकंच ह्या घरात त्या दातांबद्दल बोलत.

मालिकेत जायचा सल्ला मिसेस सप्टेंबरचा. “अंकल सिरिल, दिवसभर त्या शेगडीमागे फिरून तुम्हीच उद्या खटका समजून माझं नाक दाबाल. जा कुठेतरी. चर्चच्या हॉलमध्ये त्या टीव्हीवाल्यांची निवड चाललीय. आंटी ऑड्रीपाशी मी बसते.”

सिरिल इस्त्रीचा शर्ट घालून गेले. निवड करणाऱ्या बाईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “सॉरी सर. तुम्ही जहाजावर चढलात तर चाचे लुटीची पावती फाडायला घेतील.” सिरिल अपमान गिळून बाहेर पायरीवर आले. कुणीतरी हातात ठेवलेला समोसा खाल्ला. खिम्यातलं काहीतरी कवळीखाली अडकलं. भिंतीकडे तोंड करून त्यांनी कवळी काढली, रुमालात पुसली, आणि वळतात तो समोर ती बाई सिगारेट पेटवत उभी.

“थांबा! घालू नका ते! हसा! अहो, हसा ना!”

अशा रीतीनं सिरिल ‘बोखा खलाशी’ झाले. संहितेत हेच नाव. घरी शारलीनला सांगितलं, “फार मागे उभा असतो मी, दिसायचोसुद्धा नाही.” आणि एकदा फाशी झाली की प्रकरण संपलं, असं त्यांनी धरलं. चित्रीकरण आटोपलं, दात पुन्हा तोंडात गेले.

पण चित्रीकरण होऊन मालिका टीव्हीवर यायला वर्षाच्या वर गेलं, आणि त्या काळात ऑड्री बरीच पुढे निघून गेली. आधी मसाल्यांची नावं गेली, मग भजनांच्या ओळी, मग शारलीन. शेवटी एका सकाळी चहा घेताना तिनं अगदी अदबीनं विचारलं, “मिस्टर, तुमचं आमच्याकडे काय काम होतं?”

सिरिलनी कप खाली ठेवला. “मी... इथेच राहतो.”

“नगरपालिकेचे का?”

“हो. म्हणजे, होतो.”

“वाटलंच मला,” ऑड्री म्हणाली, आणि तिनं तोंडावर हात ठेवून हळूच हसू दाबलं.

तेव्हापासून ते ‘मिस्टर’. आणि परक्या माणसाच्या हातचं खायचं नाही, ही शिकवण तिच्या आईनं तिला एवढ्या लहानपणी दिली होती की ती मात्र काही केल्या विसरेना. ताट तसंच राहू लागलं. ऑड्रीच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागलं. शारलीन रोज फोन करू लागली. “डॅडी, समुद्राकाठी एक चांगला आश्रम आहे. तिथे नर्स आहेत. अशी ती उपाशी मरेल, कळतंय ना तुम्हाला?”

कळत होतं. पण मिस्टर असले तरी सिरिलना ह्या घरात ऑड्रीजवळ राहायचं होतं. दुसरं काही त्यांना नको होतं.

आणि एका रविवारी संध्याकाळी मालिका सुरू झाली. गल्लीतली दोनचार माणसं कौतुकानं जमली होती. पडद्यावर कप्तान कसलंसं भाषण करत होता आणि त्याच्या खांद्यामागे दोर ओढणारा एक खलाशी तोंडभर हसत होता. वरचे चार दात नाहीत. शिडातून येणारं ऊन थेट त्या फटीत पडलेलं.

ऑड्री खुर्चीतून उठली. पडद्यापाशी गेली, त्या खलाशाच्या गालावर बोट ठेवलं.

“सिरिल,” ती म्हणाली. “अगं बाई, हा तर सिरिल! कुठे जाऊन बसलाय बघा! मिस्टर, बघताय ना? हा माझा नवरा.”

त्या रात्री तिनं मटणाचा रस्सा पुसून खाल्ला. मागून घेतला. नवरा समुद्रावर गेलाय आणि परत येईल तेव्हा आपण हडकलेल्या दिसलो तर बोलेल, असं तिनं मिस्टरना सांगितलं. त्यानंतर दर रविवारी ती दुपारपासूनच पावडर लावून बसू लागली. खलाशी कधी बादली घेऊन जाई, कधी नुसतीच त्याची पाठ दिसे. ऑड्रीला पाठ पुरे. उरलेला आठवडा ती त्याच्या गोष्टी मिस्टरना सांगे. शीळ कशी घालायचा, नाचायचा कसा, बोलायचा काय. मिस्टर ऐकत. सवत फक्त बायकांनाच असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दिवसांत सिरिलचं तोंड बघायला हवं होतं. स्वतःचाच हेवा करायचा म्हणजे दाद तरी कुणाकडे मागायची?

मिसेस सप्टेंबर एकदा फटकन म्हणाल्या, “मग काढा ना तुमचे ते दात तिच्यासमोर! एवढं काय सोनं लागलंय त्यांना?”

“मिसेस सप्टेंबर,” सिरिल ताठ होऊन म्हणाले, “माणसाच्या काही गोष्टी खासगी असतात.”

पण कारण ते नव्हतं. न्हाणीघराची कडी लावून त्यांनी ते करून पाहिलं होतं. पडद्यावरच्या खलाशामागे समुद्र होता, ऊन होतं, रंगवलेली दाढी होती. आरशात नुसता ओठ आत गेलेला म्हातारा होता. ऑड्रीनं त्या तोंडाकडे पाहिलं आणि तरीही ओळखलं नाही, तर मग करून बघण्यासारखं काहीच उरलं नसतं. ह्याची सिरिलना फार भीती वाटत होती.

दुसरी भीती म्हणजे फाशी. ती कोणत्या तरी रविवारी येणार होती, आणि हे गल्लीत फक्त त्यांना माहीत होतं.

मालिका दाखवायचीच नाही, हाही उपाय एकदा आपोआपच होऊन गेला होता. आमच्याकडे वीज वेळापत्रकानं जाते; एका रविवारी ती नेमकी मालिकेच्या वेळी गेली. ऑड्रीनं अंधाऱ्या पडद्यासमोर थोडा वेळ वाट पाहिली आणि नवऱ्याला शोधायला निघाली. वारा माणूस उडवेल असा सुटलेला. रात्रीच्या झग्यावर कोट घातलेली ऑड्री बसच्या थांब्यावर सापडली. पुढे दोन दिवस जेवली नाही.

तेव्हा सिरिल एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून, बोख्या खलाशासाठी दयेचा अर्ज करायला निघाले. चित्रनगरीच्या फाटकावर लुयांडा नावाचा पहारेकरी होता. त्यानं नाव विचारलं, कागद चाळले.

“अंकल, तुम्ही मेलात.”

“ते माहीत आहे मला. त्याबद्दलच बोलायचंय.”

“मेलेल्यांचे पास रद्द होतात. हे फाटक जिवंत कलाकारांचं.”

“आणि मेलेल्यांचं?”

“त्यांना फाटक नाही.”

“मग मेलेल्यांची काही तक्रार असेल तर?”

लुयांडानं प्रामाणिकपणे विचार केला. “आजवर कुणी केली नाही.”

सिरिलना राग आला नाही. उलट खिडकीवरून लोकांना परत पाठवायचा आपलाच धंदा दुसरा कुणी इतका नीट करतोय, ह्याचं त्यांना बरं वाटलं. त्यांनी तिथेच उन्हात बसकण मारली. शेवटी लुयांडाला दया आली, त्यानं आत फोन लावला, आणि हातात कॉफीचा पेला घेतलेली एक तरुण मुलगी बाहेर आली.

“सर, तो भाग आता बदलता येणार नाही. कधीच तयार होऊन सगळ्या देशांत गेलाय. ब्राझीलमध्ये तर तुम्हाला मागच्या महिन्यात फाशी झालीसुद्धा.”

“नुसते फटके देऊन सोडता आलं नसतं का?”

“सर...”

“आवाज करणार नाही मी. मागे उभा राहीन. पुढचे सगळे भाग नुसती पाठ दाखवीन. पैसे नकोत.” मग त्यांनी तिला ऑड्रीबद्दल सांगितलं. मुलीचे डोळे भरून आले. ती आत गेली आणि मालिकेचं नाव छापलेली एक टोपी घेऊन आली. तिच्या हातात तेवढंच होतं. सिरिल टोपी घालून घरी आले, कारण वारा फार होता.

मग गल्लीची बैठक बसली. बैठक म्हणजे मिसेस सप्टेंबर आणि समोरचे मिस्टर फेब्रुअरी. आमच्याकडे महिन्यांची आडनावं पुष्कळ. कुणा मालकानं कुणाच्या खापरपणजोबाला ज्या महिन्यात विकत घेतलं, तो महिना त्या घराला कायमचा चिकटला. त्या दोन घराण्यांचं एकमेकांशी कधीच पटलं नव्हतं. मिस्टर फेब्रुअरी दफन मंडळाचे चिटणीस. कुणी गेलं की खुर्च्या, तंबू, चहाचं भांडं, सगळं त्यांच्याकडून यायचं. माणूस मरायच्या आधी कामाला लागायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती, त्यामुळे ते जरा गोंधळलेले होते.

“असं करू,” ते म्हणाले. “मी परसात मीटरच्या पेटीपाशी उभा राहतो. अंकल, फाशी जवळ आली की तुम्ही खोका, मी मुख्य खटका ओढतो. वीज गेली म्हणायचं. आंटीला नवरा आधी दिसलेला असेल, ती शोधायला जाणार नाही.”

“आणि पुढच्या रविवारी काय?” मिसेस सप्टेंबरनी विचारलं.

“पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी!”

सिरिलना क्रम पाठ होता. आधी तुरुंग, त्यात खलाशी गजाआडून हसतो. मग खटला, मग फाशी. भरपूर वेळ होता. मागच्या भागात चाचे पकडले गेले होते, म्हणजे फाशी पुढच्याच रविवारी. तो रविवार आला. ऑड्री पावडर लावून बसली. मिसेस सप्टेंबरनी गोड वड्या आणल्या. मिस्टर फेब्रुअरी म्हणाले, “एवढी एक खातो आणि जातो पेटीपाशी.”

आणि ढोल वाजू लागले.

आम्ही साधी माणसं; गोष्ट सुरुवातीपासून सुरू होते असं आम्हाला वाटतं. पण दूर कुठेतरी बसलेल्या कुणा हुशार संकलकाला वाटलं होतं, की फाशीनंच सुरुवात करावी आणि मग मागे जावं. मालिकेचं नाव यायच्या आधीच पडदाभर वधस्तंभ उभा राहिला. सिरिल खोकले. पुन्हा खोकले. मिसेस सप्टेंबर पाणी आणायला धावल्या. “फेब्रुअरी!” सिरिल ओरडले. मिस्टर फेब्रुअरी उठले ते टेबलाला अडखळून वड्यांच्या ताटासकट आडवे झाले, तसेच उठून परसात पळाले. पडद्यावर तोवर एकच चेहरा उरला होता. तोंड उघडं, मधली काळी फट, ओठ काहीतरी ओरडताहेत आणि ऐकू येताहेत नुसते ढोल. मग पाय दिसले. ते पाय दिसून झाल्यावर, हलायचे थांबल्यावर, मिस्टर फेब्रुअरींनी आपलं काम चोख बजावलं आणि घर अंधारात बुडालं.

ऑड्री किंचाळली नाही. “हं,” एवढंच तिच्या तोंडून आलं, पाठीत बुक्की बसल्यासारखं. परसातून मिस्टर फेब्रुअरींचा आवाज आला, “अंकल, खटक्याची मूठ हातात आलीय. परत चालू कसं करायचं?”

“मिस्टर,” अंधारात ऑड्री म्हणाली, “माझा काळा झगा कुठे ठेवलाय, जरा बघाल का?”

सकाळी वीजवाला येऊन गेला, तोवर ती काळा झगा घालून बाहेरच्या खोलीत बसली होती. कुंपणावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला तिनं सांगितलं, की सिरिल गेला. माणसं आली. आधी समजूत घालायला आली, पण काळ्या झग्यातली बाई हुंदके देत असली की भल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही. तो शेजारी बसतो आणि ‘देवाची इच्छा’ म्हणतो. ऑड्रीनं मिस्टर फेब्रुअरींना बोलावून खडसावलं, “इतकी वर्षं आम्ही मंडळात आहोत आणि माझ्या दारात एक खुर्ची नाही?” दुपारपर्यंत खुर्च्या आल्या, चहाचं मोठं भांडं आलं, आणि काळा टाय लावलेले मिस्टर फेब्रुअरी दारात उभं राहून हात मिळवू लागले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हात आपोआप पुढे होतो.

आणि सिरिल? सिरिल स्वतःच्या सांत्वनाला आलेल्या लोकांना चहा देत फिरत होते. ओळखीचे लोक त्यांच्याकडे बघून आधी चपापत, मग काय बोलावं ते न कळून म्हणत, “सॉरी हं, अंकल सिरिल.” पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ खरीच बातमी समजून कामावरून रजा काढून आले होते, सिरिलना ट्रे घेतलेलं पाहून ते चांगलेच रागावले. सँडविचची बशी ऑड्रीच्या मांडीवर तशीच होती. कालपासून तिनं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

शारलीन शाळेतून थेट आली. “डॅडी! हे काय चाललंय?”

“माझा शोक.”

“आणि तुम्ही चहा देताय?”

“मग कोण देणार?”

शारलीननं आईकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. “काही खाल्लं तिनं?” सिरिलनी मान हलवली. “मग आता बास, डॅडी. उद्या मी आश्रमात फोन करते. हे तुमच्या हातात राहिलेलं नाही.”

बायकांनी भजन धरलं. सिरिल ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेले, चहाचं दूध शेगडीवर ठेवलं. मग भजन संपायच्या आत बाहेर आले, भरल्या खोलीत ऑड्रीच्या खुर्चीसमोर गुडघ्यावर बसले, खिशातून रुमाल काढला, आणि सगळ्या गल्लीसमोर, चर्चच्या बायकांसमोर, पोटच्या मुलीसमोर, त्यांनी तोंडातले दात काढून रुमालात ठेवले. भजन मध्येच थांबलं. शारलीननं तोंडावर हात ठेवला.

“ऑड्री,” ते म्हणाले. शब्दांतून वारा गळत होता. “मी आहे. सिरिल.”

ऑड्रीनं पाहिलं. वाकून, नीट पाहिलं. तिनं बोट पुढे केलं आणि त्या फटीच्या कडेला हलकेच टेकवलं.

“नाही हो मिस्टर,” ती फार मायेनं म्हणाली. “सिरिल गेला. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय मी.” मग तिचा चेहरा बदलला. “पण तुम्ही... तुम्ही त्यांच्यातलेच! तुम्हीसुद्धा त्याच जहाजावर होतात ना?”

मिस्टर फेब्रुअरींनी मान खाली घातली होती. सिरिलचे गुडघे दुखू लागले होते आणि करून बघण्यासारखं आता खरंच काही उरलं नव्हतं.

“होतो,” ते म्हणाले.

“मग आधी का नाही सांगितलंत? इतके दिवस मी तुम्हाला नगरपालिकेचे समजले!” तिनं शेजारची खुर्ची ओढली. “बसा. बसा इथे.”

शारलीननं डोळे पुसले आणि सगळ्यांना हळूहळू बाहेर ओट्यावर नेलं. दोघंच राहिली.

“घाबरला होता का तो?” ऑड्रीनं विचारलं.

“हो. घाबरला होता.”

“ओरडला काहीतरी. ओठ हलताना दिसले मला. पण ते मेले ढोल!”

“तुमचं नाव घेतलं त्यानं.”

“विधवेला सगळे असंच सांगतात,” ऑड्री म्हणाली. “खरं सांगा. काय म्हणाला?”

सिरिलना पुष्कळ काही सांगता आलं असतं. प्रेमाचं, देवाचं, स्वर्गात भेटण्याचं. सुचलंही ते त्यांना. पण ते आयुष्यभर खिडकीमागे बसलेले. जे झालं तेच सांगायची सवय.

“म्हणाला, ‘ऑड्री, शेगडी बंद कर.’ ”

ऑड्रीच्या खांद्यांत काहीतरी हललं आणि ती हसायला लागली. पोट धरून, झग्याची काळी बाही तोंडावर दाबून हसली. “फासावरसुद्धा? अगदी फासावरसुद्धा? मिस्टर, तोच हो! तोच! लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून हेच!” हसता हसता तिला रडू फुटलं, आणि ते आधीच्या हुंदक्यांसारखं नव्हतं, ते आतून, सावकाश येत होतं. सिरिलनी तिचा हात धरला. तिनं तो काढून घेतला नाही.

जरा वेळानं तिनं नाक वर केलं. घरात कसलातरी वास येत होता.

“मी बघतो,” सिरिल उठू लागले.

“तुम्ही बसा. पाहुणे तुम्ही.” ती स्वतः उठली. स्वयंपाकघरात खटका वाजल्याचा आवाज आला, मग भांडं मोरीत ठेवल्याचा. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ओलं फडकं होतं.

“चालूच होती,” ती म्हणाली. “चहाचं दूध करपून कोळसा झालंय. बरोबरच होतं त्याचं.”

ती त्यांच्या शेजारी बसली. मांडीवर बशी घेतली, एक सँडविच त्यांच्या हातात दिलं आणि एक स्वतः तोंडात घातलं.

“कुठे भेटलाच तुम्हाला,” ती खाता खाता म्हणाली, “तर सांगा त्याला. बंद केली म्हणावं.”

“सांगतो,” सिरिल म्हणाले.